हेमराज भंगाळे, धावा शून्य

“तात्या, गोळा आलाय,” असं म्हणून मी डावी पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि बाकावरून अलगद खाली मातीत बसलो.

तात्यानं आधी माझ्या पोटरीकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. तोंड मी जमेल तेवढं वाकडं केलं होतं. सामना अंतिम, डाव शेवटचा, दोन्ही संघांच्या धावा सारख्या. आमचा हेमराज भंगाळे जोरदार फटका मारून दुसऱ्या बेसवर पोचलेला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिलेला. आणि ज्या माणसाला नुसतं पळण्यासाठी संघात घेतलं होतं, त्याच्या पायात नेमका तेव्हाच गोळा आलेला.

खरं सांगायचं तर गोळाबिळा काही आला नव्हता. पाय ठणठणीत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी कुणा हौशी मंडळींच्या डोक्यात आलं, की आपल्याकडं व्यावसायिक बेसबॉलची लीग काढायची. चार संघ, परदेशातून आणलेले निवृत्तीला टेकलेले खेळाडू, आणि प्रत्येक संघात निम्मी इथली पोरं. पुण्याबाहेरच्या एका मैदानावर ती लीग एक हंगाम चालली आणि आली तशी गेली. आज कुणाला तिचं नावही आठवत नाही. मी मात्र तिथं व्यावसायिक बेसबॉलपटू होतो आणि माझी आकडेवारी अशी होती की जगात कुठं दाखवली तरी लोकांनी तोंडात बोटं घालावीत. फलंदाजी: शून्य वेळा. फटके: शून्य. धावा: चौदा.

मी मूळचा कुरुंदवाडचा, भरतेश मगदूम, खोखो खेळणारा. बेसबॉलची बॅट मी फक्त उचलून दुसऱ्याला द्यायला हातात धरली. पण बेसबॉलमध्ये एक सोय आहे. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार जागा असतात: होम, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. होमवर उभं राहून चेंडू मारायचा, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर पाय ठेवत परत होमवर यायचं, की झाली एक धाव. वाटेत कुठल्याही बेसवर थांबता येतं. आणि थांबलेला माणूस पळायला जड असेल तर त्याला काढून त्याच्या जागी ताज्या दमाचा माणूस उभा करता येतो. त्याची धाव मग त्या नव्या माणसाच्या नावावर लागते, आणि काढलेल्या माणसाला त्या सामन्यात पुन्हा उतरता येत नाही.

आमच्या संघात तो जड माणूस म्हणजे हेमराजदादा आणि ताज्या दमाचा मी.

हेमराजदादा जळगावचा. तिथं शाळेत क्रीडाशिक्षक होता आणि शाळेतून रजा काढून आला होता. वय छत्तीस, अंगानं पिंपासारखा, स्वभावानं लोण्यासारखा. होमच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचं काम त्याचं. म्हणजे तो आमचा कॅचर. आयुष्यभर बसून त्याच्या गुडघ्यांनी पळणं सोडून दिलं होतं. पण मारायला लागला की समोरच्या संघाचं धाबं दणाणायचं. दहापैकी तीन वेळा नीट फटका बसला तरी बेसबॉलमध्ये माणसाला मोठा म्हणतात, आणि हेमराजदादाचं प्रमाण त्याहून वर होतं. इथल्या पोरांत त्याच्यासारखा मारणारा दुसरा नव्हता. आणि तरीही मैदानाच्या फाटकावर दर आठवड्याला जो मोठा फ्लेक्स लागायचा, त्यावर त्याच्या नावापुढं धावा शून्य. सुरुवातीच्या डावांत तो बेसवर जायचा, पण त्याला पुढं सरकायला एवढा वेळ लागायचा की तोवर आमचे तिघं बाद होऊन डाव संपायचा. आणि शेवटच्या डावांत तो बेसवर पोचला रे पोचला, की तात्या माझ्याकडं वळून म्हणायचा, “पळ.”

तात्याचं खरं नाव रामोन. कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा. अमेरिकेत खेळून, मग शिकवून, शेवटी आमच्या नशिबी आला. चालण्याची ढब आमच्या धाकट्या तात्यांसारखी म्हणून मी पहिल्या दिवशी त्याला तात्या म्हटलं, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्याला वाटायचं ही काहीतरी मोठी पदवी आहे. तोही फोनवर घरी सांगताना स्वतःला तात्या म्हणायचा. त्याची मोडकी इंग्रजी आणि माझी त्याहून मोडकी, तरी आमचं काही अडत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हेमराजदादाची बायको, प्रमिलावहिनी, जळगावहून आल्या. संपूर्ण हंगामात नवऱ्याचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. आल्या त्या भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊनच. आम्ही तिघं वसतिगृहाच्या मेसमध्ये एका कोपऱ्यात बसलो. मी दुसऱ्या भाकरीला हात घातला तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, एक सांगू का? राग नका मानू.”

“बोला की वहिनी.”

“आमच्या गल्लीतल्या बाया मले काय म्हणता माहिती आहे का? म्हणता, प्रमिला, तुझा नवरा मारतो आन् पळतो दुसराच. आन् हसता.”

हेमराजदादा म्हणाला, “तू भरीत वाढ ना त्याले. त्याचं डोकं नको खाऊ.”

“मी तुमच्याशी नाही बोलू राह्यली.” वहिनींनी मला भरीत वाढलं, पण बोलणं सोडलं नाही. “यायच्या टायमाले फाटकावरचा तो बोर्ड पाह्यला. सगळ्यायच्या नावापुढं काही ना काही आहे. यायच्या नावापुढं भोपळा. उद्या यायची शेवटची मॅच. पुन्हा काही रजा भेटणार नाही, आन् गुडघे पण नाही भेटणार. एक तरी लागू द्या की भाऊ यांच्या नावावर.”

“ते काय माझ्या हातात आहे का वहिनी? तात्या सांगतो तसं आम्ही करतो.”

“तुमच्या पायात तं आहे ना,” वहिनी म्हणाल्या.

हेमराजदादा मान खाली घालून भाकरी मोडत होता. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला एकदम लाज वाटली. चौदा धावा मी मिरवत होतो. कुरुंदवाडला फोन करकरून सांगत होतो. आणि त्यातली प्रत्येक धाव अर्ध्या वाटेपर्यंत या माणसानं आणून दिलेली होती. त्याच वेळी मी ठरवलं, की उद्या काय वाट्टेल ते होवो, हेमराजदादा बेसवर गेला तर त्याच्या जागी मी उतरायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. अंतिम सामना नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत येईल आणि त्यात हेमराजदादा दुसऱ्या बेसपर्यंत जाईल, हे काही मी धरून चाललो नव्हतो. तिथून एक धाव आली की चषक आमचा. माझ्या खोटेपणामुळं ती हुकली, तर संघातली पोरं मला जिवंत ठेवणार नव्हती.

तात्यानं वाकून माझी पोटरी दाबली. खोखो खेळणाऱ्याची पोटरी एरवीही लाकडासारखी असते, त्यामुळं त्याला हातानं काही कळलं नसावं. त्यानं आपल्या भाषेत चार शब्द हासडले, बाकावर दुसरं कुणी पळण्याजोगं आहे का ते पाहिलं, कुणीच नव्हतं, आणि हेमराजदादाला हातानं खूण केली की तूच राहा.

हेमराजदादा मैदानातून बाहेर यायला निघालासुद्धा होता. सवयीनं त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. पंचांनी त्याला परत पाठवलं तेव्हा तो असा गोंधळला, की जणू मंगल कार्यालयात जेवून उठल्यावर कुणी त्याला पुन्हा पंगतीत बसवलं.

पुढच्या फलंदाजानं चेंडू हळूच जमिनीवर टेकवला. तो स्वतः बाद झाला, पण तेवढ्यात हेमराजदादा कसाबसा तिसऱ्या बेसवर पोचला. आता होम फक्त एक टप्पा दूर. माझा जीव टांगणीला लागला. त्याच्यानंतरच्यानं चेंडू उंच उडवला. तो झेलला गेल्यावर तिसऱ्यावरच्या माणसाला धावायची मुभा असते. मी असतो तर आरामात होमवर पोचलो असतो. हेमराजदादानं एक पाऊल टाकलं आणि शहाण्यासारखा परत गेला. तात्यानं सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी पोटरी चोळू लागलो.

दोन बाद. आता आमचा विल्सन आला. परदेशी पाहुणा, हत्तीसारखा ताकदवान आणि हत्तीसारखाच सावकाश. समोरच्या संघानं मुद्दाम चार वाईट चेंडू टाकून त्याला फुकटात पहिल्या बेसवर जाऊ दिलं, कारण त्याच्यानंतरचा आमचा फलंदाज अगदीच लिंबूटिंबू होता. तो बाद झाला की डाव संपला.

म्हणजे आता चित्र असं होतं: तिसऱ्यावर हेमराजदादा, पहिल्यावर विल्सन, आणि दोघांनाही पळायचं नाव नको.

तात्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याकडं न बघता, मैदानाकडं तोंड करून म्हणाला, “गोळा?”

“गेला,” मी म्हणालो.

“हं.” मग त्याला येणाऱ्या तीन मराठी शब्दांपैकी एक त्यानं वापरला. “पळ.”

मी विल्सनच्या जागी पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिलो. तात्यानं टोपीला हात लावला, मग कानाला, मग पुन्हा टोपीला. बेसबॉलमध्ये असं सगळं खुणांनी चालतं. या खुणेचा अर्थ संघात सगळ्यांना माहीत होता. आमची पोरं त्या डावपेचाला ‘खो’ म्हणायची.

डावपेच असा. मी पहिला बेस सोडून दुसऱ्याकडं निघायचं आणि मुद्दाम मध्येच अडकायचं. समोरचे खेळाडू चेंडू हातात घेऊन दोन्ही बाजूंनी माझ्यावर चालून येणार. चेंडूसकट हात मला लागला की मी बाद, डाव खलास. पण मला हात लागायच्या आधी तिसऱ्यावरच्या माणसानं होमवर पाय ठेवला, तर ती धाव धरली जाते. थोडक्यात, मी मध्ये नाचत राहायचं आणि पलीकडच्यानं हळूच घरी जायचं. खोखोत मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? फरक एकच. खोखोत मैदानभर हिंडता येतं. इथं सरळ वाट सोडून बाजूला तीन फुटांपलीकडं गेलात की आपोआप बाद. पहिले आठ दिवस मी दर वेळी बाहेर जाऊन बाद व्हायचो. शेवटी तात्यानं फक्कीनं दोन रेषा मारून घेतल्या आणि रोज संध्याकाळी मला त्या रेषांच्या आत नाचवलं.

सामन्यात हा डाव आम्ही कधी टाकला नव्हता. आणि तो टाकताना हेमराजदादा तिसऱ्या बेसवर असेल, हे तर तात्याच्याही स्वप्नात आलं नसेल.

समोरच्या गोलंदाजानं पाय उचलला तसा मी निघालो. त्यानं ते पाहिलं आणि चेंडू पहिल्या बेसवरच्याकडं फेकला. मी मध्येच थांबलो. झालं, सापडलो. पहिल्यावरचा उंचापुरा गडी चेंडू उगारून माझ्यामागं धावला. मी दुसऱ्याकडं पळालो. त्यानं चेंडू दुसऱ्यावरच्याला दिला. मी टाचेवर गिरकी घेऊन उलटा फिरलो. त्यानं परत चेंडू दिला. मी पुन्हा फिरलो. लोकांनी ओरडायला सुरुवात केली. बेसबॉल त्यांना कळो न कळो, हा खेळ सगळ्यांना लहानपणापासून कळत होता.

मी कानोसा घेत होतो, की आता होमच्या बाजूनं आरोळी उठेल. उठली नाही. वळताना मी एकदा तिसऱ्या बेसकडं पाहिलं.

हेमराजदादा बेसवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पूर्ण हंगामात त्यानं तेच केलं होतं. त्याच्या जागी मी उतरायचो आणि तो बाकावर बसून माझं पळणं बघत टाळ्या वाजवायचा. आता तो बाकावर नव्हता, हेच बिचारा विसरून गेला होता. माझी गिरकी बघून त्यानं शेजारी उभ्या असलेल्या समोरच्या संघाच्या खेळाडूला कोपरानं ढोसलं आणि काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते पुढं कळलं. “पाहा, कसा वळतो पठ्ठ्या,” असं तो त्याला म्हणाला होता.

“दादा, पळा की ओ,” मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यानं मला हात केला.

पण गंमत अशी झाली, की त्याच्या या भोळेपणानं समोरचा संघ साफ फसला. तिसऱ्यावरचा माणूस जरा जरी तयारीत दिसला असता, तरी त्यांनी मला सोडून त्याच्यावर नजर ठेवली असती. पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसाची कोण काळजी करतो? त्यांचा गोलंदाज पहिल्या बेसच्या मदतीला आला. त्यांचा कॅचरसुद्धा होम सोडून त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. बघता बघता माझ्यामागं पाच जण लागले, आणि होम ओसाड पडलं.

मी दोनदा हुलकावणी दिली. एकाच्या हाताखालून वाकून निसटलो. श्वास फुलला होता, पाय आता खरंच भरून आले होते, आणि वाट आखूड होत चालली होती. त्यांना हळूहळू माझी चाल उमगायला लागली होती. आणखी एकदोन फेका, की मी सापडणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक आवाज आला. खणखणीत, जळगावचा.

“अहो, टाळ्या काय वाजवू राह्यले? पळा ना!”

बायकोचा आवाज हेमराजदादाला बरोबर ऐकू आला. त्यानं दचकून खाली पाहिलं, पायाखाली बेस दिसला, समोर पाहिलं, होम मोकळं दिसलं, आणि तो सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं जीव तोडून पळताना पाहत होतो. खांदे हलत होते, पोट हलत होतं, पाय मात्र त्या मानानं फारसे पुढं जात नव्हते. आणि पळतानाही मान माझ्याकडं वळलेली. अर्ध्या वाटेत एकदा त्यानं पुन्हा दोन टाळ्या वाजवून घेतल्या.

तो होमपाशी पोचला आणि मला वाटलं, सुटलो. पण तो होमवर गेला नाही. त्याला वळसा घालून मागं गेला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि तोंड मैदानाकडं करून माझा खेळ बघू लागला.

वीस वर्षं तो माणूस होमच्या मागंच बसत आला होता. होम म्हटलं की पाय आपोआप त्या जागेवर जायचे. समोरून येऊन होमच्या त्या जमिनीतल्या पाटीवर पाय ठेवायची वेळ त्याच्यावर या मैदानात कधी आलीच नव्हती. सगळं मैदान ओरडत होतं. तात्या हातातली टोपी जमिनीवर आपटत चुकीचा मराठी शब्द ओरडत होता, “थांब, थांब.” होमपाशी उभे असलेले पंच फर्नांडिस मात्र खांबासारखे स्तब्ध होते. गोव्याचे वयस्कर गृहस्थ. पंचांना काही सांगायची मुभा नसते.

आता समोरच्या संघालाही कळलं. माझ्यामागं धावणाऱ्या गड्यानं मला सोडलं, वळला, आणि सगळी ताकद लावून चेंडू होमकडं फेकला. तिथं झेलायला त्यांचं कुणी नाही, हे त्या घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा तिथं एक कॅचर उभा दिसला आणि तेवढ्यावरच त्याचं समाधान झालं.

होमकडं चेंडू येताना दिसल्यावर हेमराजदादानं काय करावं? जे तो वीस वर्षं करत आला होता तेच त्यानं केलं. एक पाऊल पुढं आला, होमच्या पाटीवर पाय घट्ट रोवला, दोन्ही हात पुढं केले आणि चेंडू सफाईनं झेलला. हातमोज्याशिवाय, उघड्या हातांनी. वर तो चेंडू लावून बाद करायला कुणी धावत येतंय का, म्हणून इकडंतिकडं पाहिलंसुद्धा.

एकच गलका झाला. समोरचा संघ धावून आला. त्यांचा कर्णधार फर्नांडिसांच्या अंगावर गेला. “आमचा चेंडू यानं झेलला. हा फलंदाजीच्या बाजूचा आहे. अडथळा आणला. बाद द्या.”

फर्नांडिसांनी सगळ्यांना बोलू दिलं. एवढ्या मोठ्या मैदानात माझ्याकडं न बघणारा हा एकच माणूस होता. त्याचं काम होमकडं बघायचं होतं आणि तो होमकडंच बघत होता.

“पाय आधी, हात नंतर,” ते शांतपणे म्हणाले. “पाय लागला तिथंच मॅच संपली. मागीर त्यानं चेंडू झेलला काय आणि नारळ झेलला काय, माका कितें पडलां?”

मी जिथं उभा होतो तिथंच, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधोमध, मातीत आडवा झालो. आमची पोरं हेमराजदादाकडं धावली. चौघांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, नाद सोडला, आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचले. तो मध्ये चेंडू हातात धरून उभा होता आणि ज्याला त्याला विचारत होता, “झालं काय पण? मी काय केलं?”

तात्या माझ्याजवळ येऊन बसला. टोपीवरची माती झटकली.

“गोळा आलेला माणूस पायाकडं बघतो,” तो म्हणाला. “तू माझ्याकडं बघत होतास.”

मी आता पोटरीकडं पाहिलं.

“मी अमेरिकेत, सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक महिना खेळलो,” तात्या म्हणाला. “माझ्या नावापुढंही एक शून्य आहे. फटके शून्य. एकतीस वर्षं झाली. अजून कुठंही माझं नाव शोधलं की ते समोर येतं.” तो उठला आणि हात देऊन त्यानं मला उठवलं. “म्हणून गोळा आला, असं मी मानलं.”

एक तासानं मैदान रिकामं झालं. चषक, हार, फोटो सगळं उरकलं. हेमराजदादा बाकापाशी सामानाची बॅग आवरत होता आणि प्रमिलावहिनी त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. मी आणि तात्या तिथं गेलो.

“झाली बाई एकदाची,” वहिनी मला म्हणाल्या. “भाऊ, तुमचे उपकार झाले. एक लागली यांच्या नावावर.”

“एक?” हेमराजदादा बॅगेची चेन लावता लावता थांबला. “पंधरा झाल्या की.”

“पंधरा कुठल्या? बोर्डावर एक आहे.”

“बोर्डाचं सोड. चौदा आधीच्या, आन् एक आजची. हिशेब तं सोपा आहे.”

“अहो, त्या चौदा भाऊच्या होत्या.”

“भाऊनं काय बॅट धरली होती का?” तो हसत म्हणाला. “मारायचं काम माझं, पळायचं त्याचं. धाव तं एकच ना? दोघांची आहे ती. मी गावाकडं सगळ्यायले तसंच सांगतो. तू त्या बायायचं ऐकत बसते आन् घाबरते.”

मी, वहिनी आणि तात्या, तिघंही ज्या शून्यापायी जीव काढत होतो, ते त्या माणसानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या मोजणीत ते नव्हतंच. दर वेळी मी होमवर पाय ठेवला की बाकावर बसून तो आपली एक धाव मोजत होता, आणि टाळ्या वाजवत होता त्या स्वतःसाठीही.

“दादा, मग काल गप का बसलासा?” मी विचारलं. “मेसमधी ह्यातला एक शब्दबी बोलला न्हाईसा.”

“भरीत गरम होतं,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा उतरला. “पण आज एक वाईट झालं भो. चौदा वेळा मी तुले नीट पाह्यलं, शेवटपर्यंत. आज हिनं हाक मारली आन् पळावं लागलं. त्या एकाच्या हाताखालून तू वाकून निसटला, तिथपर्यंत पाह्यलं. पुढं काय केलं ते पळायच्या नादात नीट काही दिसलं नाही.”

“पुढं काय न्हाई. असाच पळालो.”

“असाच म्हणजे कसा? दाखव ना.”

“आता?”

“आता नाही तं कधी? उद्या मी जळगावले, तू कुरुंदवाडले.”

मी तात्याकडं पाहिलं. त्यानं काही न विचारता अंगातलं जाकीट काढलं आणि दुसऱ्या बेसकडं चालू लागला. प्रमिलावहिनींनी पदर खोचला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभ्या राहिल्या. मी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या. हेमराजदादा बॅगेवर ऐसपैस बसला, हातातला तो चेंडू त्यानं वहिनींकडं टाकला आणि म्हणाला, “हां, आता सावकाश. आता मले कुठं जायचं नाही.”